तिच्याकडे पचतं

आमच्या सासऱ्यांचं पोट हा गावाच्या बोलण्याचा विषय झाला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सासरे म्हणजे सहादेव आबा, वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेरावं उरकलं आणि दोघा भावांनी ओट्यावर बसून बापाचे महिने वाटून घेतले. एक महिना थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे वस्तीवर, आणि एक महिना धाकट्याकडे सोनईत. आमच्या भागात ही रीतच आहे, तिला कुणी नावं ठेवत नाही. जमीन वाटतात, विहिरीचे दिवस वाटतात, तसे म्हातारेही वाटतात. एक तारीख आली की आबा पिशवी घेऊन मोटारसायकलवर मागे बसायचे. पिशवीत दोन धोतरं, चष्म्याचं घर आणि सासूबाईंचा पितळी पेला.

मी चांगुणा, थोरली सून. माझे मालक ज्ञानेश्वर, ज्यांना शेत आणि सहा गाई यांच्यापलीकडे जग नाही. धाकटा दीर कानिफनाथ शुगर फॅक्टरीत नोकरीला, आणि त्याची बायको सविता. या सवितावर मी जळते. आडपडदा कशाला ठेवू? ती लग्न होऊन आली, तेव्हा मला या घरात राबून बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत सासूबाईंनी माझ्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. सविता आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाल्या, धाकटीच्या भाकरीला पापुद्रा काय सुरेख येतो. मी तिथंच चुलीपुढे बसले होते. तो पापुद्रा आजपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून हललेला नाही.

पुढे ती वेगळी निघाली, गावात पक्कं घर बांधलं, फरशी घातली. माझ्याकडे फरशी नाही, शेणानं सारवलेली भुई आहे. पण एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे दूध. सहा गाई, दोन्ही वेळचं मिळून साठ लिटर. तिच्या दारात शेळीसुद्धा नाही. वेगळी निघाली त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, रोज एक किटली पाठवत जा, मी भरून देईन. ती म्हणाली, "नको आक्का, घराजवळ मिळतंय." आणि छगन गवळ्याचा रतीब लावला. घरचं दूध सोडून बाहेरचं पाणी घातलेलं दूध प्यायची, पण माझ्यापुढे किटली धरायची नाही. तेव्हाच मी ओळखलं, ही काय चीज आहे ते.

आबांचं आणि माझं वेगळं आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात मुलगी झाली म्हणून सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या. तेव्हा आबांनी पहाटे उठून माझ्या वाटणीचं शेण काढलं, कुणाला न सांगता. गोठ्यात शेण काढणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही. म्हणून आबा माझ्या महिन्यात आले की मी त्यांचे लाड करायचे. त्यांच्या उमेदीत घरातलं सगळं दूध डेअरीला जायचं, पोरंबाळं कोऱ्या चहावर वाढली. दूध प्यायचं ते आजारी पडल्यावर. आता मी त्यांना सकाळ-संध्याकाळ सासूबाईंचा पितळी पेला काठोकाठ भरून द्यायचे, साय घालून, आणि पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलायचे नाही. आबा मिशी पुसत म्हणायचे, "लई झालं, चांगुणा." पण प्यायचे. मला वाटायचं, सविताकडे मिळतंय का असं प्यायला.

यंदा जुलैत वस्तीवर जुलाबाची साथ आली. पाऊस झाल्यावर विहिरीत ओढ्याचं पाणी उतरलं होतं. आबांना दोन दिवस सलाईन लागली. बरे झाले, एक ऑगस्टला सविताकडे गेले, आणि तिथे महिनाभर ठणठणीत राहिले. सप्टेंबरात माझ्याकडे आले आणि तिसऱ्या दिवसापासून पोट धरून बसले. जेवण झालं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, आतून गुरगुर ऐकू यायची, सकाळी पातळ परसाकडे तीन-तीन वेळा. बिचारे चारचौघांत बसायचे बंद झाले. वारा सरतो म्हणून लाजायचे.

मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. ओवा-सैंधव दिलं, हिंगाचं पाणी बेंबीला लावलं, बाळहिरडा उगाळला, मेडिकलमधली गॅसची पावडर आणली. डाळ बंद केली, वांगं बंद केलं, हरभऱ्याची भाजी दाराच्या आत येऊ दिली नाही. आणि पोटाला थंडावा हवा म्हणून दुधाचा एक पेला दुपारी वाढवला.

तरी पोट फुगतच राहिलं, आणि गावाला विषय मिळाला. डेअरीवर दूध घालायला गेले की बायका विचारायच्या, कसं आहे सासऱ्यांचं? विचारायची रीत अशी की उत्तर त्यांना आधीच माहीत. एकीनं तर तोंडावर म्हटलं, चांगुणाच्या हाताला चव आहे, पण गुण सविताच्या हाताला. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आबा स्वतः. मारुतीच्या पारावर कुणीतरी विचारलं, तर साधेपणानं सांगून बसले, "धाकलीकडं पचतं बघा." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते शब्द संध्याकाळपर्यंत माझ्या दारात पोचले, आणि त्या रात्रीच्या आमटीत मी दोनदा मीठ घातलं.

मग मी ठरवलं, हिच्या हातात असं काय आहे ते बघायचंच. आधी वाटलं तिचं जोंधळ्याचं पीठ वेगळं असेल. काहीतरी निमित्त काढून दोन किलो पीठ आणलं. त्या पिठाच्या भाकरी घातल्या, आबा फुगले. मग वाटलं पाणी. कानिफच्या गाडीवरून तिच्या घरच्या पाण्याचे दोन कॅन मागवले. आबा फुगले. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि सविताला फोन केला की चार दिवस आबांचा डबा तूच पाठव, बघू तरी. तिनं पाठवला. मऊ भात, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, आणि ती पापुद्र्याची भाकरी. आबा आवडीनं जेवले. वर माझा दुधाचा पेला प्यायले. आणि तासाभरात पोट धरून खाटेवर आडवे झाले.

आता सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आबा कळवळत होते आणि मला आनंद झाला. असा आनंद मला पोरीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. मी ओट्यावर येऊन सविताला फोन लावला आणि हसत म्हटलं, तुझंच जेवण जेवून फुगलं बरं का, चार घास तुझे आणि पोट बघ येऊन. मला वाटलं, जिरली. पण तिनं विचारलं, झोपताना काही देता का त्यांना? मी म्हटलं, माझ्याकडं काय कमी हाय? आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरात आबा तिच्याकडे गेले आणि परत सुधारले. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. महिन्याच्या शेवटी कानिफ वस्तीवर आला आणि त्यानं माझ्या मालकांपुढे विषय काढला. घरावर नवी खोली काढतोय, खोलीलाच संडास आहे, डिसेंबरात पूर्ण होईल. मग आबांना कायमचं आमच्याकडेच राहू दे. म्हाताऱ्या माणसाला जिथं सोसतं तिथं ठेवावं. माझे मालक मान हलवत राहिले. मी आतून ऐकत होते. थोरली सून जिवंत, घरात सहा गाई, आणि सासरा कायमचा धाकटीच्या दारात. मला त्या वाक्याची धास्ती बसली. नाव जाण्याची होतीच, पण त्याहून मोठी ही की आबा आता माझ्या ओट्यावर बसणार नाहीत.

नोव्हेंबर माझा होता. शेवटचा महिना म्हणून मी दुधात खारीक उकळायला लागले. पाच तारखेला आबा गोठ्याच्या दारात चक्कर येऊन बसले. आम्ही त्यांना पेंडीच्या वजनकाट्यावर उभं केलं. पावसाळ्याआधी चोपन्न किलो होते, आता सत्तेचाळीस. त्यांनी माझ्याकडे जेवणच कमी केलं होतं. पोट दुखू नये म्हणून अर्धी भाकरी गाईला टाकायचे, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला सविता आठवली नाही, फक्त आबा दिसले.

शेवगावला एक डॉक्टरीणबाई आहेत, सायलीताई, तरुण आहेत पण पोट हातानं दाबून बघतात, नुसता कागद लिहून देत नाहीत. आम्ही दोघी जावा आबांना घेऊन गेलो. सविता स्वतःहून आली, मी बोलावलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त, संडास, सोनोग्राफी सगळं लिहून दिलं. म्हणाल्या, या वयात वजन उतरलं की आधी मोठं दुखणं नाही ना ते बघावं लागतं. संडासला रक्त पडतं का, काळं डांबरासारखं होतं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, सगळं विचारलं. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी एक काम सांगितलं. आबांनी दहा दिवस थोरलीकडे राहायचं, दहा दिवस धाकटीकडे, आणि दोघींनी ते काय काय खातात आणि पोट कधी बिघडतं ते वेळेसकट लिहून आणायचं.

मी पोरीची जुनी वही काढली. आयुष्यात एवढं मन लावून काही लिहिलं नव्हतं. भाकरी किती, आमटी कसली, तेल किती पळ्या. कुठंही बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून मिठाचा खडासुद्धा लिहिला. दहा दिवसांनी आबा पिशवी घेऊन सोनईला गेले.

तीस तारखेला आम्ही परत शेवगावात. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझी वही उघडली. सवितानं वही आणली नव्हती, भिंतीवरचं कॅलेंडरच सुतळीसकट काढून पिशवीत घालून आणलं होतं. चौकोनाचौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं. डॉक्टरीणबाई दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, दोघींचं जेवण सारखंच आहे की. एकसारखी आमटी, एकसारखी भाकरी. मी मनात म्हटलं, पापुद्र्याचा काही संबंध नाही तर. मग त्यांनी मला विचारलं, "आणि जेवणाशिवाय? चहा, दूध काही?"

मी खुशीत सांगितलं, दूध तर असतंच की, तीन वेळा, घरच्या गाईचं, काठोकाठ पेला, आता खारीक घालून.

"मग ते इथं का लिहिलं नाही?"

"तुमी खाल्लेलं लिवा म्हनला हुता."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी मिठाचा खडा लिहिला होता आणि दिवसाचं लिटरभर दूध लिहिलं नव्हतं. पण खोटं सांगत नाही, ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दूध म्हणजे काय खाणं आहे? दूध बाळाला देतात, देवाला देतात, आजाऱ्याला देतात. त्यानं कुणाचं वाईट होतं?

त्यांनी आबांना आणि मला समजावून सांगितलं. दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस आतड्यात लहानपणी भरपूर असतो, वय झालं की बऱ्याच लोकांचा तो कमी होतो. त्यात मोठे जुलाब झाले की आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं आणि होता तोही रस आटतो. मग दूध न पचता खाली उतरतं आणि तिथं आंबतं. त्याचाच वारा, त्याचंच फुगणं, त्याचेच जुलाब. दूध वाईट नाही, आबांच्या पोटाला आता ते पेलत नाही, एवढंच. पंधरा दिवस दूध पूर्ण बंद करून बघा. ताक चालेल, घरचं दही चालेल, ते विरजतानाच अर्धं पचलेलं असतं. पुढे चहापुरतं घालून बघा, सोसलं तर ठीक. पाणी उकळून द्या, जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, आणि विचारल्याशिवाय गॅसच्या पावडरी देणं बंद करा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही किंवा वजन आणखी उतरलं, तर तसेच घेऊन या.

आबा म्हणाले, "म्हंजी दूधच व्हय?" आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सविता आबांना घेऊन औषधाच्या खिडकीपाशी गेली. तिची पिशवी माझ्याजवळ बाकावर होती. मी खालमानेनं बसले होते, पण माझा स्वभाव खालमानेनं बसत नाही. मनात आलं, बघू तरी हिनं काय काय लिहिलंय. कॅलेंडर काढलं आणि नोव्हेंबरवरून मागे पानं उलटायला लागले. ऑक्टोबरात रतीबाचे आकडे होते, रोज अर्धा लिटर. सप्टेंबरात तेच. ऑगस्टमध्ये पहिले सहा दिवस दीड-दीड लिटर लिहिलं होतं. आबा तिच्याकडे राहायला गेल्यावर तिनं त्यांच्यासाठी लिटरभर वाढवून घेतलं होतं, माझ्या बरोबरीनं. सात तारखेच्या चौकोनात परत अर्धा लिटर, आणि खाली लिहिलं होतं, 'आबांचं दूध बंद. पोट गच्च होतं.'

मी ते तीनदा वाचलं. सात ऑगस्ट. त्यानंतर माझा सप्टेंबर गेला, माझा अर्धा नोव्हेंबर गेला. सात किलो मांस आबांच्या अंगावरून उतरलं, आणि हिच्या भिंतीवर उत्तर टांगलेलं होतं.

दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. आबांना बाकड्यावर बसवून कोरा चहा सांगितला. सविता पैसे द्यायला वळली, तिथंच मी तिला बाजूला घेतलं आणि ते पान तिच्यापुढे धरलं.

"तुला ठावं हुतं?"

तिनं पान बघितलं. नाकारलं नाही. तिचं तोंड पांढरं पडलं, पण डोळे खाली गेले नाहीत. म्हणाली, "व्हय."

"म्हातारं दोन महिनं कळवळलं, सविता."

"कळवळलं. मला झोप न्हवती लागत." थोडं थांबून ती बोलायला लागली आणि मग थांबेना. "लगीन होऊन आले तवापासनं ऐकते, थोरली हाय म्हनून घर हाय. चांगुणाच्या गाई, चांगुणाचं दूध, चांगुणाचा गोठा. आत्याबाई मरताना तुमी गोठ्यात हुता, तवा सुदिक तुमचंच नाव घेत हुत्या. आन सप्टेंबरात पयल्यांदा कुनीतरी म्हनलं, सविताकडं पचतं. एवढंच हुतं माझ्याकडं, आक्का. मी रोज म्हनायचे उद्या सांगते. एकदा इचारलं बी तुमाला फोनवर, झोपताना काय देता म्हनून. पन तुमी त्या दिवशी हसत हुता. आबा फुगलं म्हनून तुमी हसत हुता."

मी तिच्यावर हात उगारला होता, तो खाली घेतला. सासूबाई मरताना माझं नाव घेत होत्या, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी पापुद्रा धरून बसले होते सतरा वर्षं, आणि ही माझ्या गोठ्याकडे बघून जळत होती. आम्ही दोघी जावांनी कुस्ती खेळायला जागा शोधली ती एका म्हाताऱ्याच्या पोटावर. मी तिच्या जागी असते तर सात ऑगस्टला काय केलं असतं? मला उत्तर माहीत होतं, आणि त्यामुळेच मला तिचा जास्त राग आला.

बाकड्यावरून आबांनी हाक मारली. म्हणाले, कोरा चहा बरा लागतो की, लहानपणचा. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. एस.टी. आली तसे आबा माझ्याबरोबर वस्तीवर आले, नोव्हेंबरचा शेवटचा दिवस माझा होता.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, कानिफ आणि सविता आबांना कायमचं न्यायला वस्तीवर आले. खोली पूर्ण झाली होती, रंगाचा वास अजून कानिफच्या कपड्यांना होता. माझ्या मालकांनी दवाखान्याचं सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि मान डोलावून म्हणाले, बघ, सवितानं आपलं आपण दूध दिलं नाही, काही माणसांना उपजतच कळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. तारीख, पान, अक्षर. एका वाक्याचं काम होतं. कानिफ बायकोकडे बघायचा नाही परत, गाव आठवडाभर दुसरं काही बोलायचं नाही, आणि आबा माझ्याकडेच राहायचे. सविता दाराला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, वाट बघत होती.

आबा खाटेवर बसून पिशवीत धोतर घालत होते. मी बोलले असते तर त्यांनाही कळलं असतं. एक सून त्यांना दूध पाजून मारत होती आणि दुसरी माहीत असून बघत होती. या वयात त्यांनी कुणाच्या दारात जेवायला बसायचं?

मी म्हटलं, "छगनचं दूध पातळ असतंय. न्हाई परवडलं पाजायला, म्हनून वाचलं आबा." सगळे हसले. सविता हसली नाही. ती दारातून पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "खोलीत पोरगी अभ्यासाला बसंल. आबांचं महिनं हायती तसंच राहू द्या. आन हा महिना बी आक्काकडंच राहू द्या. पंधरा दिस दूध बंद करून बघायचं हाय, ते जिथं बिघडलं तिथंच कळंल."

कानिफ तिच्याकडे बघत राहिला. माझे मालक म्हणाले, हेही खरं आहे. आबांनी धोतर परत पिशवीतून काढलं आणि घडी करून उशाशी ठेवलं.

त्या पंधरा दिवसांत मी आबांना ताक दिलं, जिरं घालून, पण त्या पितळी पेल्यात नव्हे, काचेच्या ग्लासात, कारण पितळेत आंबट कळकतं. पहिले दोन दिवस मला हात रिकामे वाटायचे. चौथ्या दिवशी आबांनी दीड भाकरी खाल्ली आणि गाईला काही टाकलं नाही. आठव्या दिवशी पारावर जाऊन बसले. पंधराव्या दिवशी वजनकाट्यावर एकोणपन्नास भरले. पारावर कुणीतरी विचारलंच. आबांनी सांगितलं, "दोनीकडं पचतं."

मला ते ऐकून बरं वाटलं. पण पुरतं बरं वाटलं असं नाही. दोन्हीकडे म्हणायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून होत होत्या, तेव्हा कानिफची गाडी आली. फॅक्टरीत जाता जाता थांबला होता. हँडलला एक नवी किटली अडकवलेली होती, स्टीलची, झाकणाची साखळी अजून चमकणारी. म्हणाला, सवितानं दिलीय, आजपासून रोज अर्धा लिटर रतीब लावायला सांगितलाय, छगनचा बंद केला.

मी किटली हातात घेतली. तळाशी तिनं आमच्या सासूबाईंचं नाव घालून घेतलं होतं, रंगुबाई. तिचं नाही, माझंही नाही. मी माप बुडवून अर्धा लिटर मोजलं, ओतलं, आणि झाकण लावता लावता थांबले. मग कासंडीतून आणखी धार सोडली, काठोकाठ, साय येईल एवढी.

उद्या ती भांड्यात ओतून घेईल तेव्हा तिला कळलंच पाहिजे की माझं माप तिच्यापेक्षा मोठं आहे.